पट्ट्यावरचं इंग्रजी

माझ्या धाकट्या भावाचा उजवा हात हाडं कापायच्या करवतीने मनगटापासून नेला, आणि मुकादमाने साहेबाला सांगितलं की पोरगा पिऊन आला होता. साहेब परदेशातला. त्याला आमची भाषा येत नाही. मध्ये हा मुकादम. आमचं रडणं, ओरडणं, विनवण्या, सगळं त्याच्या तोंडातून जायचं आणि त्याला हवं तसं बाहेर पडायचं. भाऊ दारूच्या थेंबाला शिवत नाही. माल लवकर निघावा म्हणून पात्यावरची जाळी मुकादमानेच काढली होती. दारुडा म्हणून कामावरून काढलेल्याला दुसरीकडे कुणी दारात उभं करत नाही. "ताई, एकदा साहेबाला खरं कळू दे," एवढंच भाऊ म्हणत राहायचा. बिचाऱ्याला हात चोळत बसायचीही सोय उरली नव्हती.

म्हणून मी कारखान्यातल्या इंग्रजीच्या वर्गात नाव घातलं. शाळेतलं मोडकंतोडकं येत होतं, त्यामुळे मधल्या वर्गात बसवलं. मास्तरीणबाई म्हणायच्या, पुस्तकातली वाक्यं घोकू नका, आपली आपण करा. मग आम्ही बाया सरकत्या पट्ट्यावर मांस कापता कापता सराव करायचो. एकीने ‘इफ’ लावून अर्धं वाक्य फेकायचं, समोरचीने सुरी न थांबवता ते पुरं करायचं. पुस्तकात पाऊस आला तर लोक छत्री न्यायचे. आमच्या पट्ट्यावर पहिल्याच आठवड्यात मुकादमाचा मुडदा पडला.

"इफ ही टचेस मी अगेन," आमच्यातली जाडी ओरडायची.

"आय विल कट हिज थ्रोट!" मी पुरं करायची.

झालेला काळ, होणारा काळ, मस्ट, शुड, कुड, सगळ्यांत त्याला एकेकदा मारून झालं. त्याला सगळं कळायचं, पण सराव म्हटल्यावर बोलणार काय? मूग गिळून फिरायचा. आम्ही पोट धरून हसायचो.

मग एक दिवस मी वाक्य केलं, "इफ ही हॅडन्ट रिमूव्ह्ड द गार्ड, माय ब्रदर वुड हॅव हिज हँड." कुणी हसलं नाही.

मुकादमाने माझे केस धरले आणि फरफटत करवतीपाशी नेलं. माझं मनगट फिरत्या पात्याकडे दाबलं. करंगळीची कातडी सोलून निघाली, रक्त पांढऱ्या एप्रनवर उडालं. "तोंडी परीक्षा साहेब घेणार आहे," तो कानात म्हणाला. "तिथं हे बरळलीस, तर भावाबहिणीत मिळून दोनच हात राहतील. समजलं?"

समजलं. खोटं कशाला सांगू, माझी पाचावर धारण बसली होती. घरी जाऊन ओकले. मग राग आला, आणि राग आला की मला भूक लागते, तेव्हा चांगली पोटभर जेवले.

परीक्षा पट्ट्यापाशीच होती. काम थांबवायचं नाही, साहेब एकेकीपाशी येऊन विचारणार. मागे मुकादम, हातात सुऱ्यांना धार लावायची पोलादी कांब. साहेब माझ्यासमोर आला आणि ‘इफ’चं वाक्य मागितलं. मी तेच जाळीचं वाक्य म्हटलं. वर जोडलं, "ही वॉज नॉट ड्रंक."

साहेब हसला. "व्हेरी गुड सेंटेन्स!" म्हणाला आणि कागदावर बरोबरची खूण केली. सकाळपासून त्याने असली वाक्यं ढिगाने ऐकली होती. कुणी राणी झाली असती, कुणाचा नवरा चंद्रावर गेला असता. माझ्या भावाचा हातही त्याच ढिगात गेला. मुकादमाने दात विचकले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी साहेबाचं मनगट धरलं. रोज मेलेली जनावरं ओढणारा हात आहे माझा. त्याला खेचत करवतीपाशी नेलं आणि त्याची बोटं पात्याजवळ धरली. साहेब किंचाळला. मुकादमाची कांब माझ्या पाठीत बसली, मग खांद्यावर, मग तोंडावर. दात तुटला. सगळं इंग्रजी डोक्यातून उडालं होतं. मी आपल्याच भाषेत ओरडत होते, "जाळी कुठाय? जाळी कुणी काढली? बघ रे डोळे उघडून!"

"स्टॉप!" साहेब ओरडला. कांब थांबली. मी मनगट सोडलं. पण साहेब सवयीने वळला तो मुकादमाकडेच. "व्हॉट इज शी सेइंग?"

"शी इज सेइंग सॉरी, सर," मुकादम म्हणाला. "हर ब्रदर ड्रिंक्स. शी इज मॅड."

मला कळलं. शब्दन् शब्द कळला. किती दिवस आमच्या तोंडासमोर आमचा असा गळा कापत होता मेला, आणि आम्ही त्याच्यापुढे हात जोडून उभे राहत होतो!

"नो," मी म्हणाले. "ही इज लाइंग. आस्क मी."

साहेबाने माझ्याकडे पाहिलं. मग उघड्या पात्याकडे, जाळी बसवायच्या रिकाम्या भोकांकडे, मुकादमाच्या कांबेवरच्या माझ्या रक्ताकडे. त्याने मुकादमाला हाताने मागे सारलं.

"टेल मी," तो म्हणाला.

मी तुटलेला दात थुंकला आणि पहिल्यापासून सांगायला लागले.