दैवशालाचं पोट

दैवशालाचं पोट हा घरातला जुना विषय होता. लग्न असो, बारसं असो, ती कुठंही निघाली की पर्समध्ये आधी ॲसिडिटीच्या गोळ्यांचं पाकीट जाई, मग रुमाल. नवरा तातेराव आल्यागेल्याला हसत सांगे, "आमच्या हिचं सगळं बराबर आहे, पोट तेवढं नाजूक." तीही हसायची. तीसेक वर्षांत तीन डॉक्टर झाले, दुर्बीण घालून झाली, सापडलं काही नाही. सापडणार तरी कसं? ते दुखायचं जेवल्यावर नाही, 'चालेल' म्हणायच्या आधी. बावन्नावं वर्ष लागलं तरी हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, तिच्या स्वतःच्याही नाही.

डी.एड.ला नंबर लागला आणि वडील म्हणाले, "स्थळ चांगलं आलंय, शिक्षण काय नंतरही होतं." तेव्हा पहिल्यांदा दुखलं. तिनं ओवा चावला आणि चालेल म्हटलं. नणंदेच्या मुलाला दोन महिन्यांसाठी वरची खोली दिली, तेव्हा दुखलं. तो सहा वर्षं राहिला. दर वेळी गोळी, वर पाणी, आणि चालेल. एवढ्या वर्षांत ती इतकी थकली होती की आपण थकलोय हेसुद्धा कुणाला सांगायचा तिला कंटाळा येई.

त्या दिवशी सकाळी नवीन जालन्यातल्या तिच्या दारात धाकटा भाऊ भुजंग गाडी घेऊन आला. अंबडला, तिच्या माहेरगावी जायचं होतं, हक्कसोड करायला. वडिलांच्या घरा-जमिनीतला आपला हिस्सा भावाच्या नावे सोडून द्यायचा, बहुतेक बहिणी देतात तसा. तातेरावांनी आठ दिवस आधीच समजावलं होतं, "भावाशी वाकडं घेऊ नको. माहेर तुटतं." तिनं चालेल म्हटलं होतं. गोळीही घेतली होती.

भुजंगानं रिवाजाप्रमाणं साडी आणली होती, चांगली भारीतली. मग त्यानं गाडीची डिकी उघडली. "आक्का, हे बघ काय आणलंय."

आत आईचा तांब्याचा हंडा होता. आई गेल्यापासून दैवशालानं तो कितीदा मागितला होता! दर वेळी भावजय सोनूबाई म्हणायची, "आक्का, न्हेला तर आंघोळीचं पाणी कशात तापवू?" आणि आज भाऊ स्वतःहून घेऊन आला होता. तिचे डोळे भरून आले. त्याच क्षणी बरगडीखाली अशी कळ आली की तिनं गाडीचं दार धरलं.

"जड हाय, परत येताना उतरवून देतो," भुजंग म्हणाला. "जल्दी चल, अकराचा टाइम हाय."

रिकाम्या पोटी चहा घेतला, दुसरं काय. तिनं गोळी गिळली, भाकरी-भाजीचा डबा पिशवीत टाकला (बाहेरचं तिला चालत नसे) आणि गाडीत बसली.

"सोनूबाई न्हाई आली?"

"गुडघे धरलेत तिचे."

"मंग सही झाली की घरीच जाऊ. भेटून येते तिला."

"आज कशाला आक्का, ऊन लई हाय. मी सरळ जालन्याला सोडतो तुला."

पुन्हा कळ आली. माहेरून जेवल्याशिवाय तिला आजवर एकदाही न सोडणारा हा भाऊ. ऊन तर दर वर्षीचंच होतं.

अंबडच्या रजिस्ट्री कार्यालयात बाकावर दीड तास गेला. भुजंगानं दोनदा गार पाणी आणलं, पंख्याखालची जागा मिळवून दिली. चांगलाच होता तो. लहानपणी त्याला कडेवर घेऊन तिची कंबर वाकडी झाली होती. तिला एवढंच वाटत होतं, की हे एकदाचं उरकावं आणि घरी जाऊन आडवं पडावं.

नंबर आला. कारकुनानं स्क्रीनवरची नजर न काढता नेहमीचा प्रश्न विचारला, "मावशी, हक्कसोड स्वखुशीनं करताय ना? कुणाची जबरदस्ती नाही ना?"

तिचा हात आपोआप पर्समध्ये गेला. गोळी पाकिटातून निघून तळहातावर आली आणि हात तिथंच थांबला. सकाळची एक गोळी पोटात होती, तरी कळ तशीच होती. मग हे पित्त कसलं? स्वखुशीनं का, असं आयुष्यात कुणी तिला विचारलंच नव्हतं. पोट मात्र दर वेळी उत्तर देत आलं होतं, आणि दर वेळी तिनंच त्याचं तोंड बंद केलं होतं. तिला स्वतःचा भयंकर राग आला.

आज हे काय सांगतंय? तिला डिकीतला हंडा आठवला.

"भुजंगा," ती वळून म्हणाली, "हंडा मला दिलास. मंग घरी आंघोळीचं पाणी कशात तापवून राह्यले तुम्ही?"

भुजंग हातातले कागद सारखे करू लागला.

"मावशी, हो का नाही?" कारकून म्हणाला.

"थांब बाबा," ती म्हणाली, गोळी पदराच्या टोकाला बांधली आणि बाहेर आली. भाऊ मागोमाग आला. लिंबाखाली उभा राहून तो खाली बघतच बोलला.

"घर रिकामं हाय, आक्का. सामान परवा संभाजीनगरला न्हेलं, प्रेमकडं. सोनू तिथंच हाय. पोरगं बोलवून राह्यलं, आन् माझ्यानं शेत होत न्हाई आता. घर, जमीन, सगळ्याचं बोलणं झालंय एका पार्टीसंगं."

"मला कामून सांगितलं न्हाई?"

"तू न्हाई म्हणली असतीस तर?"

"मी आजपर्यंत कधी न्हाई म्हणले का रे?"

"म्हणून तर तोंड होईना." त्यानं उपरण्यानं डोळे पुसले. तोही थकलेलाच होता. हे तिला दिसत होतं, आणि तरी तिचं काळीज फाटत होतं.

"मंग सही?"

"आज न्हाई," दैवशाला म्हणाली. "पुढं करीन बी कदाचित. पण आज न्हाई. आधी घरी चल."

घराला कुलूप होतं, भुजंगानं ते काढलं. आत भिंतींवर फोटोंच्या जागचे पांढरे चौकोन तेवढे उरले होते. न्हाणीत चुलीजवळ हंड्याचं काळं गोल वळं होतं. दोघांनी मिळून हंडा डिकीतून काढला आणि बराबर त्या वळ्यावर ठेवला. मग तिथंच उंबऱ्याला टेकून बसले. तिनं डबा सोडला, अर्धी भाकरी त्याच्या हातावर दिली.

"आक्का, गोळी न्हाई घेतली?" त्यानं सवयीनं विचारलं.

तिनं पदराची गाठ सोडली. गोळी तिथंच होती, घामानं चिकट झालेली. तिनं ती चुलीच्या राखेत टाकली.

"भूक लागली रे," ती म्हणाली, आणि रडत रडत उरलेली सगळी भाकरी तिनं खाल्ली.