उन्हात तगणारा गहू

सरांनी आयुष्यभर एकच ध्यास धरला: पाणी तोडलं तरी तगणारा गहू. असा गुण एकट्या जनुकाच्या हातात नसतो. पुष्कळ जनुकं थोडाथोडा हातभार लावतात आणि कुणाचा किती, ते वरून कळत नाही. म्हणून सरांनी गुणसूत्रांवरच्या खुणा, म्हणजे मार्कर, शोधले. खूण दिसली की शेजारचं जनुकही सोबत आलं असं धरायचं आणि रोप कोवळं असतानाच पान तपासून निवड करायची. हे किचकट काम ती, त्यांची विद्यार्थिनी, त्यांच्याच हाताखाली शिकली. सर निवृत्त झाले, प्रयोगशाळा तिच्याकडे आली. हरितगृहात निवडलेली रोपं तहान सोसून ताठ उभी राहिली. शेतावरची चाचणी तेवढी उरली.

त्या वर्षी पावसाने दडी मारली. चाचणीला याहून चांगलं काय हवं! पण ऐन दाणा भरायच्या वेळी तिची रोपं इतरांसारखीच करपली. तिने पुन्हा पानं तपासली. खुणा जागच्या जागी होत्या. गुण तेवढा नव्हता.

"उन्हाची तऱ्हा बदलली की जनुकांचं गणितही बदलतं," सहकारी म्हणाला. "तुझी काही चूक नाही."

चूक असती तर सुधारता तरी आली असती, तिच्या मनात आलं.

सर तेव्हा अंथरुणाला खिळले होते. डॉक्टरांनी हात टेकले होते. ती भेटायला गेली तेव्हा सरांच्या पत्नीने, काकूंनी, तिला दाराशीच गाठलं. "रोज विचारतात गं. तगला म्हणून सांग. आता खरं ऐकवून काय मिळवायचंय?"

"तगला का?" सरांचा पहिला प्रश्न.

"तगला, सर."

"चला, आम्हा दोघांपैकी एक तरी!" ते हसले, खोकले. "मग एक ओंबी आण की. कोरड्या शब्दांवर बोळवण करतेस होय?"

दुसऱ्या दिवशी तिने भरपूर पाणी दिलेल्या वाफ्यातली, साध्याच वाणाची टपोरी ओंबी नेली. सर डोळे मिटून, चिमटीत दाणा फिरवून वाण ओळखत. पकडली गेले तर बोलणी खाईन, पण सुटेन तरी, असं तिला वाटत होतं.

सरांनी कुसळं चाचपली. एक दाणा काढून बराच वेळ अंगठ्याखाली फिरवला. चेहरा उजळला.

"बघ, म्हटलं नव्हतं? हाच तो! पुढच्या हंगामात मोठ्या रानात पेर."

"हो, सर," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?