माझ्या हातचं डोकं

“‘डोकं माझ्या हातचं आहे, चुकेन कसा?’” अपिलाच्या सुनावणीत सरकारी वकिलांनी खालच्या कोर्टातली साक्ष वाचून दाखवली आणि कागद खाली ठेवला. “साक्षीदार इतका ठाम आहे, साहेब.”

तो ठाम साक्षीदार मागच्या बाकावर सारखी चुळबुळ करत होता. धंदा न्हाव्याचा. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला ‘मला माहीत नाही’ असं त्यानं उभ्या जन्मात सांगितलं नव्हतं. सरकार पडणार का, दाढ कशानं ठणकते, कुणाच्या सुनेचं सासूशी का पटत नाही, सगळ्याचं उत्तर कात्रीच्या तालावर हजर.

खालच्या कोर्टातही तो तसाच बोलला होता. कुणीतरी भिरकावलेला दगड लागून बसचालकाचा डोळा गेला, त्या संध्याकाळी एक पोरगा दुकानासमोरून पळाला. तोंड दिसलं नाही, मान दिसली. मानेवर केसांची उतरती पायरी. ती या भागात हाच कापायचा, त्यावरून यानं पोरगा ओळखला. त्याच्या त्या वाक्याला न्यायाधीशही हसले, आणि निकालात त्यांनी लिहिलं की साक्षीदार विश्वासार्ह वाटतो. हे प्रशस्तिपत्रक न्हाव्यानं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवलं. पोरगा सुधारगृहात गेला.

मागच्या आठवड्यात त्यानं एका शाळकरी पोराच्या मानेमागे आरसा धरला, आणि हात तसाच राहिला. तीच पायरी. दुसऱ्या दिवशी बसथांब्यावर आणखी एक मान, तीच पायरी. गल्लीतली निम्मी पोरं त्याचीच सही मानेवर घेऊन हिंडत होती. त्यानं पोराला ओळखलंच नव्हतं, स्वतःच्या कारागिरीला ओळखलं होतं.

“अशा तंद्रीत एखाद्याचा कान कापाल,” बायको म्हणाली. “जा, सांगून मोकळे व्हा.”

जेवणाच्या सुट्टीत त्यानं पोराच्या वकीलबाईंना जिन्यात गाठलं. सगळं ऐकून त्या कठड्याला टेकल्या.

“काका, आत्ता सांगताय?”

“आत्ताच कळलं, बाई.”

“इथं साक्षी होत नाहीत. कागद बघतात फक्त. अर्ज देते मी, पण तुम्हाला सोलून काढतील, सांगून ठेवते. खोटारडे म्हणतील.”

“म्हणू दे. लिहा तुम्ही.”

दुपारी दोघा न्यायाधीशांनी अर्ज वाचला. थोरल्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

“पुढे या. तुमच्यावर कुणी दबाव आणला?”

“नाही साहेब.”

“पोराची आई भेटली होती?”

“नाही. म्हणजे... दुकानासमोरून जाते, भाजी आणायला. बोलत नाही.”

“मग आता म्हणणं काय? तो मुलगा नव्हता?”

“असेलही साहेब. नसेलही.” त्यानं नजर खाली वळवली. “मला... मला माहीत नाही.”

जन्मात पहिल्यांदा हे शब्द तोंडातून निघाले, तेही अडखळत. सरकारी वकील गालात हसले. थोरल्यांनी धाकट्यांच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि निकाल तिथंच लेखनिकाला सांगायला सुरुवात केली. खालच्या न्यायाधीशांनी साक्षीदाराला समोर पाहिलं, त्याचा सूर ऐकला. नुसत्या कागदांवरून तो अंदाज खोडणं योग्य नाही. आज साक्षीदार चाचरतो, नजर चुकवतो. मागाहून सुचलेल्या शंकेपेक्षा ताजी, ठाम साक्ष अधिक भरवशाची. अर्ज नामंजूर, अपील फेटाळलं.

“साहेब, पण मी तोच साक्षीदार...” तो बोलायला गेला.

“बसा,” थोरले अगदी सौम्यपणे म्हणाले. “तुमच्यावर अविश्वास नाही कुणाचा. उलट विश्वासच ठेवलाय.”

पुढच्या खटल्याचा पुकारा झाला. वकीलबाई फायली गोळा करून बाहेर पडल्या, जाता जाता त्याच्या खांद्याला नुसता हात लावून गेल्या.

बाहेर व्हरांड्यात पोराची आई दाराजवळच्या बाकावर बसली होती. शेजारी पिशवी, पोराला द्यायचा धुतलेला शर्ट तिच्यातून डोकावत होता. न्हावी समोर येऊन उभा राहिला. येणाऱ्याजाणाऱ्याशी तासन्‌तास बोलणारा माणूस, आता त्या शर्टाकडे बघतच बोलला.

“वहिनी, मी आत...”

“ऐकलं मी,” ती म्हणाली.

तिनं पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि जरा सरकली. तो बाकाच्या कडेला टेकला. पट्टेवाला एकेक पंखा बंद करत त्यांच्यापर्यंत आला, दोघांकडे पाहून थांबला, आणि त्यांच्या डोक्यावरचा तेवढा चालू ठेवून पुढे गेला.