चहात बुडवलेली गोधडी

आमच्या गावातल्या जुन्या घराला दर डिसेंबरात वसाहतकाळाचा साज चढवतात आणि दर डिसेंबरात माझं डोकं फिरतं. ज्या लोकांच्या नावानं हा थाट, त्या कर्मठ ख्रिस्ती मंडळींनी इथे मॅसॅच्युसेट्समध्ये नाताळ साजरा करणाऱ्याला दंड ठोकला असता. शेकोटीच्या फळीवर नाताळच्या भेटींसाठी मोजे टांगणं तर दूरच राहिलं. पण बॉस्टनहून पाहुणे येतात. त्यांना मेणबत्त्या हव्या असतात, सफरचंदांच्या माळा हव्या असतात आणि जुन्यापुराण्या कापडाचे गुडघ्याएवढे मोजे टांगलेले हवे असतात. ते मोजे गेली तीस वर्षं मीच शिवते, त्यामुळे मी फार बोलू नये हेही मला कळतं.

माझा नियम एकच. धड कापडाला कात्री लावायची नाही. उंदरांनी कुरतडलेली, ओलीनं कुजलेली गोधडी असेल तरच तिचा बरा भाग काढून मोजा करायचा.

माझी थोरली बहीण युनिस गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात आहे. तिचे डोळे गेलेत, आणि ती जानेवारी बघेल असं डॉक्टरांना वाटत नाही. ऑक्टोबरात तिनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. आईची निळी-पांढरी गोधडी, तिच्या पणजीपासून चालत आलेली. लहानपणी आम्ही दोघी तिच्याखाली झोपायचो, पायाला पाय लावून.

"एकदा अंगावर घाल, लोइस. मग काय व्हायचं ते होऊ दे."

"नाताळच्या आदल्या दिवशी आणते," मी म्हणाले. "शब्द देते."

गोधडी माझ्याकडे नव्हती. पंधरा वर्षांपूर्वी माझ्या घराला कसर लागली तेव्हा मी ती गावच्या इतिहास मंडळाला सांभाळायला दिली होती. युनिस तेव्हा खूप भांडली होती. "देऊ नकोस. त्यांना ती कोण कुठली, काही माहीत नाही." मी ऐकलं नाही. मंडळाकडे कपाटं होती, कुलपं होती, यादी होती.

मंडळाची अध्यक्ष सध्या मेरेडिथ हॅस्कल. तीन वर्षांपूर्वी गावात राहायला आली आणि आता गाव तिचंच झालंय. चार वेळा मी तिच्याकडे गोधडी मागितली. चारही वेळा एकच उत्तर मिळालं, "शोधतेय गं. असेल कुठल्यातरी पेटीत."

डिसेंबरच्या दहा तारखेला ती माझ्याकडे आली ती कापडाचे चार मोठे तुकडे घेऊन. "एक गोधडी ओल लागून कामातून गेली होती. हिचे मोजे कर, शोभतील."

तुकड्यांवर तपकिरी डाग पसरले होते, पांढरा रंग मळकट आणि निळा मेलेला. उडत्या हंसांच्या त्रिकोणांचा नमुना होता, पण तो आमच्याकडे घरटी एक सापडतो. मागून कोणीतरी भिंतीवर टांगण्यासाठी जाड अस्तर शिवलेलं. माझी बोटं हल्ली थंडीत वळत नाहीत, दिवस थोडे होते. मी डाग बघितले आणि विश्वास ठेवला. तीस वर्षं हे काम करते, पण कापड एकदाही नाकाशी धरलं नाही. साचा ठेवून मी त्याचे बावीस तुकडे केले, प्रत्येक मोज्याला दोन. उरलेली कातरणं स्टोव्हमध्ये घातली.

दहा मोजे शिवून मी पाठवून दिले. अकराव्याच्या टाचेपाशी सुई मोडली. दुसरी घातली, तीही मोडली. आत असं काय आहे म्हणून मी अस्तर उसवलं.

आत लाल दोऱ्याचं रफू होतं. जाड, घट्ट आणि जरा तिरकं.

माझी आई गोधडीला पुढून निळ्याच्या जागी निळा आणि पांढऱ्याच्या जागी पांढरा दोरा वापरायची. आल्यागेल्याला ठिगळ दिसता कामा नये. पण मागून ती लाल दोरा घालायची, मुद्दाम. "फाडणाऱ्याला रोज रात्री दिसलं पाहिजे," म्हणायची. सबंध गावात दुसरी कोणी असं करत नव्हती.

तेव्हा कुठे मी कापड नाकाशी नेलं. ओलीचा वास नव्हता. चहाचा वास होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अंगात कोट घातला की नाही तेही आठवत नाही. जुन्या घरात दुपारची गर्दी होती, पन्नासेक माणसं हातात सफरचंदाचा गरम रस घेऊन उभी होती. शेकोटीवर दहा मोजे ओळीनं टांगलेले. मी सरळ जाऊन पहिला मोजा खिळ्यावरून ओढला.

"लोइस! अगं, हे काय करतेस?" मेरेडिथ धावत आली. डोक्याला पांढरी झालरीची टोपी, अंगात वसाहतकाळचा कंबर आवळलेला झगा.

"ही गोधडी तू चहात बुडवलीस?"

"थोडी जुनी दिसावी म्हणून. फार झगझगीत निळी होती ती, उजेडात नवी वाटायची."

"एकशे साठ वर्षांची गोधडी तू जुनी दिसावी म्हणून चहात बुडवलीस?"

कोणीतरी हसलं. मेरेडिथ लालबुंद झाली. "हळू बोल, लोक बघतायत."

"बघू देत की! तिकीट काढून आलेत, काहीतरी खरं बघू देत. ओल लागली होती म्हणालीस ना मला? कुठे होती ओल?"

"तसं म्हटलं नसतं तर तू कात्री लावली नसतीस. तुझा तो नियम! गोधडीवर नंबर नव्हता, यादीत कोणाचं नाव नव्हतं. मला काय स्वप्न पडणार होतं तुमची आहे म्हणून?"

"चार वेळा मागितली मी. निळी-पांढरी, हंसांची. आणखी कसं सांगायचं असतं गं?"

"अशा सहा आहेत आमच्याकडे!" मग तिचा आवाज एकदम खाली आला. "आणि हे बघ. पातेल्यात मावावी म्हणून मी तिचे चार तुकडे केले. बावीस तू केलेस."

मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मारली नाही, कारण ती खरं बोलत होती. मी दहाही मोजे काढले, काखेत मारले आणि सगळ्यांच्या मधून बाहेर पडले. बाहेर बर्फ पडत होता आणि मी मोठ्यानं शिव्या देत चालले होते. निम्म्या तिला, निम्म्या मला.

तीन दिवस मी शिवणी आणि अस्तरं उसवत बसले. चहा धुवून निघेना. पायाच्या आकाराचे बावीस तुकडे कसेही मांडले तरी मध्ये फटी राहत होत्या, कारण फटींतलं कापड मी जाळलं होतं. चोवीस तारखेपर्यंत जेमतेम निम्मे तुकडे पांढऱ्या दोऱ्यानं एकमेकांना टाचून झाले. बाकीचे पिशवीत घातले आणि गेले.

युनिसच्या अंगावर ते घातलं. तिनं हुंगलं.

"चहा सांडला का कोणी?"

"हो."

तिची बोटं कापडाच्या उलट्या बाजूनं हळूहळू फिरली आणि रफूवर थांबली. "हे मी फाडलं होतं. पायाच्या नखानं. आणि आईनं धपाटा घातला तुला." ती बारीक हसली. मग बोटं पुढे सरकली, फटीत शिरली, दुसऱ्या फटीत गेली, कडेच्या गोलाईवरून फिरली. हसू गेलं.

"लोइस, हे काय आहे?"

मेरेडिथचं नाव माझ्या ओठांवर होतं. वाटेत सगळं जुळवून ठेवलं होतं, चहा, पातेलं, टोपी, सगळं.

"मी कापली," मी म्हणाले. "मोजे करायला. ओळखली नाही."

तिनं हात काढून घेतला. गोधडी पोटरीपर्यंतच पोचत होती आणि पावलं उघडी पडली होती. मी पावलं हातात धरायला गेले तर तिनं पाय ओढून घेतले.

"देऊ नकोस म्हटलं होतं तुला."

"म्हटलं होतंस."

"सुई आणलीस?"

"आणलीय."

"मग बघत काय बसलीस? बाकीचे जोड. लाल दोरा घे."

मी पिशवीतून लाल रीळ काढलं आणि गोधडीचं टोक उलटं करायला लागले. कापडाचा आवाज ऐकून तिनं माझं मनगट पकडलं.

"मागून नाही," ती म्हणाली. "पुढून घाल."