मूळ नक्षत्राआधी

तीन वर्षं आमच्याकडे गौरी बसल्या नाहीत. गुरुजी म्हणाले, गावच्या घरी बसवलेल्या अजून उठवलेल्या नाहीत, त्यांची पाठवणी केल्याशिवाय धारच्या घरात कशा बसवणार? म्हणून मी आणि हे दहीभाताचा डबा घेऊन बाग कसब्याजवळच्या आमच्या गावी गेलो.

गाव कसलं, गाळ आणि बाभळी. पुरानंतर सरकारने सगळ्यांना टेकडीवर जागा दिली. आता खाली गावात कुत्रंही फिरकत नाही.

पूर आला त्या दिवशी गौरीजेवण होतं. अंगणात पाणी शिरलं तशा सासूबाई ठणकावून म्हणाल्या, "मूळ नक्षत्र लागल्याशिवाय गौरी उठत नाहीत. त्या बसल्यात तोवर मीही हलायची नाही." महाहट्टी बाई! अख्खं गाव आलं असतं तरी भीक घातली नसती. माझं डोकंच फिरलं. लेकीला, गुड्डीला, काखोटीला मारलं आणि गावकऱ्यांना टेकडीवर नेणाऱ्या ट्रॅक्टरवर चढले. हे तेव्हा इंदूरला होते.

टेकडीवर उतरताना ट्रॅक्टरवाल्याने विचारलं, "भाभी, घर में और कोई है क्या? एक चक्कर लग जाएगा."

मी म्हणाले, "रहने दो भिया, वो नहीं आएंगी."

सासूबाई तिसऱ्या दिवशी सापडल्या. यांना मी सांगितलं, ट्रॅक्टर परत जाऊच शकला नाही.

आता आम्ही घरात शिरलो, तर भिंतीवर गाळाची रेघ माझ्या डोक्यावर हातभर होती. गौरींचा कोपरा रिकामा. मी म्हटलं, गेल्या वाहून. तरी हे माळ्यावर चढले आणि एक गाठोडं घेऊन उतरले.

सासूबाईंचं लुगडं होतं. आत दोन्ही पितळी मुखवटे, पुसून गुंडाळलेले. हळद लावून सोळा गाठी पाडलेलं सूत. त्या गाठी गौरी उठवतानाच पाडतात. आणि तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत बीपीच्या गोळ्या, चष्मा, आधार कार्ड.

मूळ लागायच्या आधीच उठवल्या होत्या. जन्मात तिथी न चुकवलेल्या बाईने! पाणी चढल्यावर गाठोडं वर टाकलं असणार. स्वतः चढायला गुडघे कुठे होते त्यांचे.

आधार कार्ड हातात घेऊन हे खालीच बसले. "आई निघायला तयार होती गं," म्हणाले. "वाट बघत होती. ट्रॅक्टर एकदा तरी यायला हवा होता."

मी दहीभाताचा डबा खाली ठेवला.

"तो येत होता," मी म्हणाले. "मीच नको म्हटलं."