मागचा जिना

त्या शनिवारी देवानंद गजभियेला फक्त झोपायचं होतं. आठवडाभर सकाळी सहा-दहाची गाडी धरून न्यूयॉर्क, संध्याकाळी तोच प्रवास उलटा. माणूस नुसता पिळून निघतो. पण सुजाताने, त्याच्या बायकोने, इतिहास मंडळाच्या मिसेस हॅडलींना नेमकी त्याच सकाळची वेळ दिली होती आणि स्वतः हॉस्पिटलच्या ड्यूटीवर निघून गेली होती. आता घ्या!

न्यू जर्सीतलं हे एल्मरिज गावच मुळी आगगाडीने वसवलेलं. शंभरेक वर्षांपूर्वी रूळ आले, कंपनीने शेतं घेऊन प्लॉट पाडले आणि न्यूयॉर्कच्या बँकांतले साहेबलोक इथे बुरुजांची, नक्षीदार लाकडी घरं बांधून राहिले. देवानंदचं घर १८८९ सालचं. १९८४ साली ते पडीक होतं म्हणून त्याला झेपलं, आणि गेली दोन वर्षं आज छप्पर, उद्या पाइप असं चालूच होतं. हौसेने विकत घेतलेली डोकेदुखी, दुसरं काय.

पण आज त्याच्या जिवाला वेगळाच घोर लागला होता. माय चालली होती. त्याची आई, रत्नाबाई, जूनमध्ये नागपूरहून आली होती. वडील गेल्यावर तिकडे तिचं कोणी उरलं नव्हतं, म्हणून तिच्या ग्रीन कार्डाचे कागद त्याने तयार केले होते; तिची सही तेवढी राहिली होती. आणि परवा जेवताना ती म्हणाली, "देवा, माझं तिकीट काढ. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाईन."

"जा की. नोव्हेंबरमध्ये परत ये."

"परत नाही येणार. करमत नाही मला."

करमत नाही म्हणजे काय? इथे काय कमी होतं तिला? दोन दिवस त्याच्या डोक्यात तेच घोळत होतं. तिची खोलीसुद्धा त्याने विचार करून निवडली होती. स्वयंपाकघराच्या वरची, म्हणून उबदार, बाथरूम लागूनच. पलीकडच्या मोठ्या खोल्यांत रंगकाम चाललं होतं. तिकडची धूळ तिच्या छातीत जाऊ नये म्हणून मधल्या दाराला त्याने कडी घातली होती. ती मागच्या जिन्याने चढ-उतार करायची.

दहाच्या ठोक्याला मिसेस हॅडली आल्या. ऑक्टोबरमध्ये मंडळ गावातली जुनी घरं लोकांना दाखवणार होतं, त्यात हे घर हवं होतं. बाई सत्तरीच्या, प्रेमळ, आणि बोलायला लागल्या की थांबणं नाही. पुढच्या हॉलमध्ये बाबासाहेबांची तसबीर बघून त्यांनी आदराने विचारलं, हे कोण? देवानंदने सांगितलं. मग पुढचा जिना, त्याचा कोरीव कठडा, रंगीत काचा. रत्नाबाई पदर खोचून मागोमाग हिंडत होती. मग स्वयंपाकघर. तिथल्या कपाटासारख्या अरुंद दारातून बाई थेट मागच्या जिन्याने वर चढल्या.

रत्नाबाईच्या खोलीत छप्पर तिरकं उतरलं होतं. खिडकी वीतभर. खाली स्वयंपाक झाला की इथे एवढं गदमदतं, हे देवानंदला ठाऊक नव्हतं.

"ही कामवालीची खोली," बाई कौतुकाने म्हणाल्या. "आयर्लंडहून आलेली नोरा नावाची पोरगी इथे राहायची. मालकांच्या नजरेला पडू नये म्हणून तिला हा वेगळा जिना. आणि हे दार बघा, कडी पलीकडून. ती आपणहून पुढच्या घरात जाऊ शकत नसे."

देवानंदला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काय म्हणते ती?" रत्नाबाईने विचारलं.

"म्हणते, पाहुण्यांची खोली होती."

रत्नाबाई गालातल्या गालात हसली.

बाईंना निरोप देऊन तो परत वर आला. माय खाटेवर बसून साड्यांच्या घड्या घालत होती.

"खोटं कशाला बोललास रे?" ती म्हणाली. "धरमपेठेतल्या बंगल्यात बावीस वर्षं भांडी घासली मी. कोणता जिना कुणाचा, ते मला पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बोलली का नाहीस, माय?" देवानंदने विचारलं. बाबासाहेबांना पुढचा हॉल दिला आणि आईला हे! "आत्ताच्या आत्ता तुझं सामान पुढे नेतो. यासाठी चाललीस ना तू?"

"खोलीचं काय घेऊन बसलास. याहून लहान खोलीत आजा-आजी धरून आपण पाच जण राहिलो." तिने घडी बाजूला ठेवली. "तू खालून हाक मारतोस. माय, जेवायला ये. माय, चहा टाकतेस का? मी उतरते. आमची मालकीणही अशीच हाक मारायची; वाईट नव्हती बिचारी. बॅग ठेवायला आला होतास तू इथे, त्यानंतर आज आलास. तेही त्या बाईच्या मागे."

गाडी, ऑफिस, छप्पर, सगळी कारणं खरी होती, पण त्यातलं एकही तिच्यापुढे ठेवण्यासारखं नव्हतं. देवानंद खाटेच्या कडेला टेकला.

"तिकीट राहू दे ना, माय."

"सोमवारी काढ." तिने त्याच्या केसांवरून हात फिरवला. "किती थकलास रे. पड जरा इथेच."

तो आडवा झाला. आपण उठायला हवं, हे त्याला कळत होतं, पण अंग हलेना. रत्नाबाई कठडा नसलेल्या जिन्याने, भिंतीला धरून, एकेक पायरी उतरली. खाली नळ सुटला, भांडं वाजलं.

"उठू नकोस," तिने खालून सांगितलं. "चहा मी वर आणते."