पारडी बदलून बघा

मुलाने किंवा मुलीने स्वतः जोडीदार निवडला आणि तो परधर्माचा निघाला, की घरात काय होतं ते आपल्याला नवं नाही. कपाटावरचा धर्मग्रंथ खाली येतो. एरवी त्यावर बोटभर धूळ असते! काटेवाल्यांच्या घरी मात्र तसं नव्हतं. ते ग्रंथ रोज वाचत, मनापासून वाचत. म्हणूनच भांडण जास्त चिघळलं.

काटेवाले म्हणजे तराजू दुरुस्त करणारे. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान. गावातले तराजू त्यांच्याच हाताखालून जायचे आणि "काटेवाल्यांनी बघितलाय" म्हटलं की गिऱ्हाईक पुढे तोंड उघडत नसे. त्यांची एकुलती एक मुलगी जनावरांची डॉक्टर. बेकरीवाल्यांच्या मांजरीचा पाय मोडला, तिला घेऊन त्यांचा मुलगा दवाखान्यात आला. मांजर महिनाभरात बरी झाली, पण मुलाच्या फेऱ्या काही थांबल्या नाहीत!

बेकरीवाल्यांचा धर्म वेगळा, वंश वेगळा, रंगही वेगळा. मुलीने घरी सरळ सांगितलं, "बाबा, सोमवारी आम्ही नोंदणी कचेरीत सह्या करणार आहोत. तुम्ही यावं असं मला फार वाटतं."

काटेवाल्यांनी ग्रंथ उघडला आणि खूण घालून ठेवलेलं वचन मोठ्याने वाचलं. परक्यांशी सोयरीक करू नका, असा त्याचा अर्थ. "हे मी म्हणत नाही, ग्रंथ म्हणतो! खुशाल जा. पण सही केलीस की हे दार तुला कायमचं बंद!"

मुलगी रडली नाही, भांडली नाही. रात्री तिने बॅग भरायला काढली, तेव्हा काटेवाले तिच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत आले. पण मोडेन पण वाकणार नाही, हा बाणा!

शनिवारी दुपारी दुकानात बेकरीवाले आले. एरवी ते बेकरीतला तराजू तपासायला आणत, पण या वेळी काखेत तराजू नव्हता. कापडात नीट गुंडाळलेला त्यांचा ग्रंथ होता. आतल्या दाराशी काटेवाल्यांची थोरली बहीण शेंगा सोलत बसली होती. प्रार्थनाघरात मुलांना ग्रंथ शिकवण्यात तिचं अख्खं आयुष्य गेलं होतं. सगळे तिला ताई म्हणत.

"मी हे लग्न मोडायला आलोय," बेकरीवाले म्हणाले.

"बसा, बसा!" काटेवाल्यांचा चेहरा खुलला. "मीही तेच म्हणतोय."

"म्हणजे आपलं एकमत आहे."

"अगदी शंभर टक्के! चहा घेणार?"

कित्येक दिवसांनी काटेवाल्यांना आपल्या बाजूचं माणूस भेटलं होतं. बेकरीवाल्यांनी ग्रंथ उघडला, चष्मा लावला. "आमच्यात स्पष्ट लिहिलंय. परक्या घरची मुलगी सून म्हणून आणू नये. तिच्या येण्याने घर बाटतं."

काटेवाल्यांचा हात कपाशीच थांबला. "काय होतं?"

"बाटतं."

"माझ्या मुलीमुळे? अहो, तुमची मांजर मोडक्या पायाने कळवळत होती, तिला रात्ररात्र मांडीवर घेऊन बसली ती! ती तुमचं घर बाटवणार?"

"मी कुठे म्हणतोय? ग्रंथ म्हणतो."

"ग्रंथ असं कशाला म्हणेल? तुम्हीच चुकीचा अर्थ लावताय!"

"आणि तुमच्या ग्रंथात माझा मुलगा काय आहे?"

"परका," काटेवाले तावातावाने बोलून गेले. "संगत धरू नये असा."

"माझा मुलगा?" बेकरीवाले ताडकन उठले. "पहाटे तीनला उठून भट्टी लावतो तो! कुणाची वाईट संगत नाही, काही नाही! तुम्हालाच वाचता येत नाही!"

दाराशी ताई खो खो हसत सुटली. डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "अरे, वीस वर्षं यांच्या भट्टीचा पाव चालतो, आणि पोरगा चालत नाही होय?"

"ताई, तू यात पडू नकोस."

"पडणार! तराजू खरा की खोटा हे तू कसं ओळखतोस, सांग बरं या भल्या माणसाला."

काटेवाले कुरकुरत म्हणाले, "माल आणि वजन, दोन्हींची पारडी बदलून बघतो. तरी काटा मधेच राहिला, तर तराजू खरा. एका बाजूने कुठलाही तराजू बरोबर दाखवेल."

"मग आता काय झालं? यांचा मुलगा तुझ्या पारड्यात होता, तोवर वचन खरं. आपली पोर यांच्या पारड्यात गेली, की अर्थ चुकला!"

बेकरीवाले हळूच खाली बसले.

"वचन खोटं नाही," ताई म्हणाली. "पण ते सांगितलं कुणाला? श्रीमंत परक्यांशी सोयरीक जमावी म्हणून स्वतःच्या बायकामुलांना घराबाहेर काढणाऱ्यांना. राग परकेपणाचा नाही रे, आपल्या माणसांना टाकण्याचा आहे. आणि त्याच ग्रंथात ती दूरदेशाहून आलेली सून आहे ना? म्हाताऱ्या सासूला तिने सांभाळलं. तिच्या लेकरांच्या नावाने आपण आजही आशीर्वाद मागतो. ते पान वाचताना तुझा आवाज का बसतो?"

"मोठमोठे विद्वान माझ्यासारखाच अर्थ लावतात, ताई."

"लावतात. आणि तितकेच मोठे विद्वान दुसराही लावतात. म्हणजे निवड तुझीच ना? ग्रंथाच्या आड लपू नकोस. ते वचन वाचून घरातलं माणूस टाकायला निघालायस, तो तूच!"

हे बोल काटेवाल्यांच्या वर्मी लागले. अरेरे! ज्या वचनाने घर राखायचं, त्यानेच ते लेकीला घराबाहेर काढत होते! भरायला काढलेली ती बॅग त्यांच्या डोळ्यांसमोर आली आणि डोळे भरले.

बेकरीवाल्यांनी ग्रंथ मिटून कापडात गुंडाळला. "आमच्यातही दूरदेशाची एक सून आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "आई सांगायची तिची गोष्ट. मी विसरलोच होतो." मग जरा हसून म्हणाले, "आमचे लोक मात्र विचारतात, मुलगी एवढी फिकट का, आजारी आहे का?"

"आजारी? घोड्याला एकटी आडवं पाडते ती!" काटेवाले नाक ओढत म्हणाले.

संध्याकाळी मुलगी दवाखान्यातून आली. दोघांना शेजारी शेजारी बसलेलं पाहून उंबऱ्यातच थबकली. आता काय नवीन, असा चेहरा.

"सोमवारी किती वाजता?" काटेवाल्यांनी विचारलं.

"अकरा वाजता."

"दुकान बंद ठेवतो. साक्षीदार लागतात ना? आम्ही दोघं आणि ताई आहोत." मग मान खाली घालून म्हणाले, "आणि ती बॅग रिकामी कर. दाराचं मी बोललो ते... चुकलो गं."

"बाबा!" म्हणत मुलगी त्यांच्या गळ्यात पडली. बेकरीवाले उगाचच चष्मा पुसत बसले. ताईने शेंगांची मूठ त्यांच्यापुढे धरली, "घ्या, व्याही!"

मंडळी, धर्मग्रंथ माणसांना जोडायला आहेत. त्यांतल्या वचनांचे अर्थ थोरांनीही निरनिराळे लावले, पुढेही लावतील. म्हणून परक्याच्या लेकरावर एखादं वचन उगारण्याआधी आपलं लेकरू त्याच्या पारड्यात ठेवून बघा. तिथे तो अर्थ तुम्हाला सोसवत नसेल, तर ग्रंथाला दोष देऊ नका. आपला काटा दुरुस्त करा!